दुसरी पेटी

प्रिय रिता,

तुझे फोन मी मुद्दाम उचलले नाहीत. फोनवर तू मला हसवतेस आणि मुद्दा राहून जातो, म्हणून लिहिते आहे.

गेल्या आठवड्यात आसगावला जाऊन आले. आई बरी आहे. तुझं नाव निघालं की हल्ली तिचा चेहरा उजळतो. बाबांनी चहासुद्धा पिऊ न देता मला विहिरीजवळच्या बांधीत नेलं. वांगी संपली आहेत, रान मोकळं केलंय. मातीत सगळीकडे काळे तुकडे चमकत होते, नखाएवढे, काही त्याहून बारीक. मी एक ढेकूळ फोडलं, तर आतही तेच. दरवर्षी वांगी निघाली की बाबा आणि शेजारच्या जनाबाई सकाळच्या गारव्यात मल्चिंगची पन्नी, तण येऊ नये म्हणून वाफ्यांवर अंथरलेलं ते काळं प्लास्टिक, ओढून काढतात आणि गुंडाळून बांधावर ठेवतात. काम किचकट आहे, पातळ पन्नी हातातच फाटते. यंदा बाबांनी पन्नीवरूनच रोटाव्हेटर फिरवला होता. हे काय केलं म्हणून विचारलं, तर हसले. "तूच तं सांगतलं ना वं, गांडुळाले काही होत नाही म्हून. आता मलेच इचारतेस?"

मी काही सांगितलं नव्हतं. उलगडा जनाबाईंनी केला. देवळासमोर तुझ्या पन्नीच्या कंपनीची सभा झाली. पडद्यावर माझ्या गांडुळांच्या प्रयोगाच्या पेटीचा फोटो होता आणि खाली माझं नाव. 'पन्नी मातीतच मिसळा, गांडुळांना काही होत नाही. आसगावचीच पोरगी, तिनंच तपासलंय,' असं तू म्हणालीस. मागून कोणीतरी ओरडलं, "परसरामभाऊ, तुही पोरगी गांडुळालेच इचारून आली म्हन्ते!" सगळे हसले. आणि बाबा उठून उभे राहिले. "हाव, माहीच पोरगी होय. मी तं उद्याच रोटाव्हेटर मारतो!" चारचौघांत बाबा कधी तोंड उघडत नाहीत, हे तुला माहीत आहे.

तो फोटो तूच काढला होतास, नागपूरला मला भेटायला आली होतीस तेव्हा. पेटीच्या एका अर्ध्या भागात स्वच्छ माती, दुसऱ्यात पन्नीचे बारीक तुकडे मिसळलेली माती, आणि गांडुळं मधल्या रेषेवर सोडलेली. दोन दिवसांनी ती दोन्हीकडे सारखीच पसरली होती. पण ती पन्नी कोरी होती, दुकानातून आणलेली. मी तुला म्हणाले होते, "अजून काही दिसलं नाही." सभेत तू म्हणालीस, "काही होत नाही." आपण एका बाकावर बसून मृदाशास्त्र शिकलो. या दोन वाक्यांतलं अंतर मी तुला समजावणं हा दोघींचाही अपमान होईल.

दुसऱ्या पेटीत मी शेतात उन्हाळा काढलेली पन्नी घातली. ऊन सोसावं म्हणून प्लास्टिकमध्ये जी रसायनं मिसळलेली असतात, ती पन्नी तडकली की मातीत झिरपू लागतात. त्या पेटीतली बहुतेक गांडुळं स्वच्छ बाजूला निघून गेली. त्याच मातीत कोंडून ठेवलेल्यांनी अंड्यांचे कोष कमी घातले, बिळंही कमी केली. मातीचा श्वास मोजला, तर तोही मंदावलेला होता. म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जीवही सुस्तावले होते. हे सगळं मी तुला वरठीच्या फलाटावर सांगितलं. तू ऐकून घेतलंस, माझ्यासाठी समोसा आणलास. आसगावची सभा त्यानंतर झाली. तुला माहीत नव्हतं, असं मी स्वतःला समजावू पाहिलं. जमलं नाही.

बाबांच्या बांधीत नेमकं काय होईल ते मी सांगू शकत नाही. पेटी म्हणजे शेत नव्हे, आणि तुझ्यावर रागावले म्हणून मी निष्कर्ष वाढवून सांगणार नाही. पण त्याच बांधीत आमच्या धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकतात आणि रोवणीच्या वेळी आळीतली चार घरं तिथूनच पऱ्हे उपटून नेतात. मुळांना चिकटलेली माती त्यांच्याही बांधीत जाते. एकदा ती गेली की कोणत्या हातांनी वेचायची? अजून पाऊस लांब आहे. मोठे तुकडे वेचता येतील, पऱ्ह्यांसाठी दुसरी जागा धरता येईल. बाकीच्यांचे रोटाव्हेटर थांबवता येतील. त्यासाठी आधी कोणीतरी बाबांना सांगायला हवं, की ज्या गोष्टीसाठी ते छाती काढून उभे राहिले ती त्यांच्या पोरीनं कधी म्हटलीच नव्हती.

हे पत्र तुझं आणि दादाचं लग्न मोडण्यासाठी नाही. कमलेशदादाला मी काही बोललेली नाही आणि बोलणारही नाही. तुमचं साक्षगंध झालं त्या दिवशी सर्वांत जास्त मीच नाचले होते, आणि तुमच्या प्रेमाबद्दल मला आजही शंका नाही. पण रविवारी सकाळी पऱ्ह्यांचं ठरवायला ती चार घरं आमच्या अंगणात जमतील. तेव्हा ये. या घरात सून म्हणून पाऊल टाकण्याआधी बाबांसमोर, त्या सगळ्यांसमोर, दुसऱ्या पेटीत काय दिसलं ते तुझ्या तोंडानं सांग. तू बोललीस तर मी तुझ्या शेजारी उभी राहीन, आणि बाबांचा चेहरा आपण दोघी मिळून सोसू. नाही आलीस, तर मी एकटी सांगेन. मग लग्नातही मी असेन, हळदीपासून पाठवणीपर्यंत. दादाच्या शेल्याला तुझ्या पदराची गाठ मीच मारीन, कारण ते नणंदेचं काम आहे. मैत्रीण मात्र तुला दुसरी शोधावी लागेल.

रविवारपर्यंत तुझीच,
डिंपल