पत्र्यामागचा ओढा

बाबा, काल तुमचं सोनिवलीचं घर मी आभाळातून पाहिलं. तुमच्या माघारी, आमचे हे गेल्यापासून मी इथेच राहते, एकटी. बेलवलीहून लेक आली होती, तिने मोबाइलवर नकाशा काढून दिला. आपलं कौलारू छप्पर नखाएवढं दिसतं. वाचायला मी लग्नानंतर, सामानाच्या पुड्यांचे कागद जुळवत शिकले. हा नकाशाही तसाच बोट फिरवत शिकले. वाटलं, वरून आत्ता कुणीतरी बघतंय. म्हणून अंगणात लाल गोधडी पसरली आणि आत धावले. पडद्यावर अंगण मोकळंच. लेक हसून बेजार. "अगं आई, तो फोटो जुना असतो, लाइव्ह नाय! तू काय टाटा करणार होतीस?" मीही हसले. मग बोट घरामागे सरकलं आणि हसू थांबलं. मागे आता उंच पत्रे ठोकलेत, तिथे बिल्डरचा टॉवर होणार. आत काय चाललंय ते अंगणातून दिसत नाही. वरून दिसतं. आपला ओढा झाडीतून हिरवा येतो, पत्र्यापाशी पोचतो आणि लाल मातीत संपतो. नदीपर्यंत जातच नाही.

लहानपणीचं अजून डोळ्यांसमोर आहे: पावसाच्या आधी तुम्ही कोयता घेऊन ओढ्यात उतरताय, मागे मी टोपली घेऊन. अडकलेल्या फांद्या, ओंडके, सगळं काढायचं, थेट नदीपर्यंत. एकदा मी खेळता खेळता दगडांचा बांध घातला. तुम्ही तो पायाने मोडलात. "पान्याची वाट नाय अडवायची गो. ते आपल्या आधीपासून हितून जातंय." मारलं नाहीत. घराचं जोतं कंबरभर उंच घेतलंत, तेव्हा शेजारी म्हणाले, "किल्ला बांधतोस काय रे?" मोठ्या पुरात पाणी दुसऱ्या पायरीवर थांबलं, आणि तेच शेजारी आपल्या ओटीवर बसून चहा पीत होते.

फोटो जुना आहे, याचीच आता भीती वाटते. जुन्यात एवढी माती, तर आज किती असेल? तिथल्या वॉचमनला विचारलं. "मौसी, अंदर पाइप डाला है, टेन्शन मत लो." केवढा, म्हटलं, तर त्याने दोन्ही हातांत घागर धरावी तसं दाखवलं. बाबा, तुम्ही त्या ओढ्यात उभे राहिलात की काठ तुमच्या खांद्याला लागायचा.

लेक म्हणते, पावसाळाभर माझ्याकडे सहाव्या मजल्यावर चल. मी म्हटलं, बंद घर ओल धरतं. आज तिचा फोन आला, काय करतेस? साफसफाई, म्हटलं. खरं तर मी पुस्तकं, ह्यांचा फोटो आणि तांदळाचा डबा माळ्यावर चढवत होते. तुमचा कोयता मात्र खाली दाराशी ठेवलाय. दोन पत्र्यांत अंग चोरून शिरण्याएवढी एक फट आहे, तिथून आत जाऊन बघायचं रोज ठरवते. अजून फटीला डोळासुद्धा लावलेला नाही.