सपाट रेघ

७ मे २०१४, बुधवार
हे काल कडूलिंबावरून पडले. शेरडांना पाला तोडत होते, पायाखालची फांदी मोडली. सिल्लोडहून जीपमध्ये आडवं घालून औरंगाबादला आणलं. मानेचा मणका मोडलाय. हात नाय, पाय नाय. मी पायाला चिमटा काढला तर म्हणाले, "कुणाचा पाय धरलास?"

८ मे
श्वास पुरेना म्हणून गळ्याला भोक पाडून नळी घातली. आता आवाज बी गेला. ओठ हलवतात, मी वाचते. अंगणवाडीतल्या पोरांचं बोबडं मला कळतं, नवऱ्याचं का नाही कळणार.

१० मे
सिस्टर नळीतला कफ ओढत होत्या आणि पडद्यावरची रेघ सपाट झाली. काळीज बंद! सिस्टरनी सुई टोचली, तेव्हा कुठं रेघ उठली.

डॉक्टरांना विचारलं, मार मानेला लागला, मग काळीज का थांबतं? त्यांनी कागदावर चित्र काढलं. "काळजाला मेंदूकडून दोन हुकूम येतात, ताई. 'जोरात चाल' हा मणक्यातून येतो. 'हळू हो' हा वेगळ्या नसेनं, मणक्याच्या बाहेरून. यांचा पहिला रस्ता तुटलाय, दुसरा शाबूत आहे. म्हणून घशात जरा खुपलं की काळीज हळू होत होत थांबतं."

"किती दिवस असं?"

"दोन आठवडे, कधी पाच-सहा. पुढं बहुतेकांचं कमी होतं."

"आणि हात-पाय?"

ते पेनाचं टोपण लावत बसले.

१२ मे
नाडी अडतीस. सासूबाई आल्या. लेकाच्या छातीवर हात ठेवून बसून राहिल्या. "मल्हारीच्या काळजाला तर काई लागलं नव्हतं गं." मी दोन हुकमांचं सांगितलं. म्हणाल्या, "मंग जोरात चाल म्हनायला आपुन हाव की." आणि लेकाच्या कानाशी म्हणत राहिल्या, चाल बाबा, चाल. पडद्यावर अडतीसच.

१४ मे
नाकावर माशी बसली. हाकलायला हात नाही. डोळ्यांनी मला दाखवली. माझ्याकडं न बघता रडले. ते पाणी बी मीच पुसलं.

१५ मे
आज ओठांनी म्हणाले, "पुढच्या बारीला रेघ झोपली की ओरडू नको." मी न कळल्यासारखं केलं. परत म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले.

१६ मे
बाहेर निवडणुकीच्या निकालाचे फटाके. कुणाला सांगू? सासूबाईंना?

१९ मे
झालं.

दुपारी ठसका लागला, नळीत कफ अडकला, रेघ झोपली. सिस्टर पार टोकाच्या खाटेपाशी, पाठमोऱ्या. यंत्र टीं टीं करत होतं. इथं कोणतं ना कोणतं यंत्र दिवसभर टीं टीं करतंच, कुणी वळत नाही. मी उभी होते. ओरडले नाही. मनात मोजू लागले. एक. दोन. तीन. त्यांनी सांगितलं तेच करत होते. चार. त्यांचे डोळे उघडे, माझ्याकडंच. पाच.

मग ओरडले. सिस्टर धावत आल्या, छाती दाबली, सुई दिली. रेघ उठली.

पाच आकडे. मी यांचं ऐकत होते की यांच्यापासून सुटत होते? खरं काय ते मलाच माहीत नाही. हे मी कुणापुढं बोलणार नाही.

२० मे
दिवसभर हे डोळे मिटून पडले. भरवायची नळी लावली, अंग पुसलं, कूस बदलली. एकदा बी बघितलं नाही. मी ओरडले त्याचा राग असंल. उद्या परत रेघ झोपली तर? उद्या मी ओरडणार नाही, असं वाटतं. लई थकले.

२१ मे
सकाळी डोळे उघडले. ओठ हलले. "काल नाय, परवा. तू मोजत होतीस. तुझे ओठ वाचले मी."

मी खाली बघितलं. त्यांनी डोळ्यांनी वर बोलावलं.

"सहा म्हणशील म्हणून लई भ्यालो."