आत येऊ नको

मोहोपाडा,
रविवार, १८ जानेवारी २०२६

चि. अपेक्षास,

बाबाचा सप्रेम जय भीम. तुझी आई बरी आहे. फोन लावून लावून थकली, तू उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसलो.

जिना चढताना मला दम लागायचा. गुरुवारी पनवेलला हृदयाची तपासणी केली. शिरेतून किरणोत्सर्गी औषध टोचलं आणि कॅमेऱ्याखाली निजवलं. हृदय आवळतं कसं आणि सैल होतं कसं, दोन्ही त्यात दिसतं म्हणे. डॉक्टर म्हणाले, आवळतं झकास, पण सैल व्हायला फार वेळ घेतं, म्हणून रक्त नीट भरत नाही. आई तिथंच म्हणाली, "ह्याला एवढी मशीन कशाला? मला इचारलं असतं तरी सांगितलं असतं." डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही.

निघताना तिथल्या मुलीने बजावलं, आज लहान मूल किंवा गर्भार बाई यांच्याजवळ बसू नका. मी म्हटलं, आमच्याकडे कोण येतंय.

घरी आलो, आई गोळ्या आणायला गेली आणि तू फाटकात. ऋषिकेशशी लग्न केल्यापासून पहिल्यांदाच. पोट दिसलं. मला कुणी काही सांगितलंच नव्हतं गं.

"आत येऊ नको, मागं हो," असं ओरडून मी दार लावलं. सगळी नोकरी केमिकल प्लांटवर गेली. गळती झाली की आधी ओरडून माणूस हटवायचा, कारण मागून सांगायचं, हे अंगात मुरलंय. खिडकी उघडून कारण सांगेपर्यंत तू रिक्षात बसली होतीस. मागे धावावं तर पुन्हा तुझ्याजवळच आलो असतो.

काल डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, "अहो, लांब खुर्ची टाकून बोलला असता तरी चाललं असतं." कपाळावर हात मारून घेतला.

तुला वाटलं असेल, म्हातारा अजून लग्नाचा राग धरून आहे. राग होता, खोटं कशाला बोलू. पण पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं आणि पोर दारातूनच परत गेली, याने डोळ्याला डोळा लागत नाही. हृदयाच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत, त्याचं मी बघून घेईन. भीती वाटते ती तू पुन्हा येणार नाहीस याची.

औषधाचा असर केव्हाच संपला. शनिवारी कर्जतला तुझ्याकडे येतो. घरात घेतलं नाहीस तर ओट्यावर बसेन, पण तुझ्याशी बोलल्याशिवाय उठणार नाही.

जावईबापूंना माझा जय भीम सांग.

तुझा,
बाबा