डिक्कीतली वायर जोडू नको

दादा,

वहिनीले कळा सुरू झाल्या. भगवानरावच्या जीपमधी तिले घेऊन आम्ही खामगावच्या दवाखान्यात जाऊन राह्यलो. आई संगं आहे. तुहा फोन लागून नाही राह्यला, वावरात रेंज नसंल.

आपली गाडी काढू नको. तू नको म्हटलं तरी मी काल तिची बॅटरी पुढून काढून डिक्कीत बसवली. इंजिनच्या गरमीनं बॅटरी खराब होते म्हणून. सकाळी चावी फिरवली तं नुसती टकटक. बॅटरीची अर्थिंगची वायर डिक्कीत बॉडीले ज्या बोल्टानं जोडली त्याच्याखाली रंग होता, तो घासला तवा गाडी चालू झाली. मले वाटलं, झालं काम. पण आता वहिनी गाडीत बसली, मी स्टार्टर मारला अन् एक्सिलेटरची केबल तापून धूर निघाला. इंजिनले बॉडीशी जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजून तुटली आहे, त्याच्यानं सारा करंट त्या केबलीतून जाऊन राह्यला. बॅटरी पुढं होती तवा तिची वायर सरळ इंजिनले होती, म्हणून हे समजलं नाही. मी बॅटरीची वायर सोडून ठेवली. ती जोडशील तं आग लागंल.

गोकुळच्या मोटरसायकलवर ये. बाळासाठी धुतलेली दुपटी दोरीवरच राह्यली, तेवढी आण.

तुले जे बोलायचं ते मले मंग बोल, तिच्यासमोर नको. धूर पाहून ती लय घाबरली होती. आता जीपमधी बसून कळा सोसते अन् तिथूनच मले ओरडून सांगते, "भाऊजी, चिठ्ठीत घाबरल्यावानी लिहू नका, ते गाडी जोरात आणतील."

म्हणून लिहितो, सावकाश ये.

हरिओम