बनातीच्या दारामागची घंटा

सोमवार, ६ मे १९७४
ज्याने हे घर बांधलं त्याला जन्मात कधी भूक लागली नसावी. स्वयंपाकघर एका टोकाला, जेवायची खोली दुसऱ्या टोकाला, मधे एक्क्याण्णव पावलं. मोजली मी. का, तर साहेबलोकांच्या नाकात कोबीचा वास जाऊ नये. मग सूप गार झालं तरी चालेल!

असो. आले एकदाची. थॉर्नकोट हॉलची राखणदारीण, एडना पॉट्स, वय त्रेसष्ट, शाळा जेमतेम. ही वही नातीने, हेझलने दिली. म्हणाली, आजी, तिकडे बोलायला कुणी नाही, तर वहीशी भांड.

घर लाल विटांचं, तीन मनोरे, धुराडी मोजायला बसलं तर चहा निवेल. मालक मेला, वारस परदेशात. किल्ल्या दिल्या वारसाचं काम बघणाऱ्या पेंडल साहेबांनी. सरकारी संरक्षित इमारत आहे म्हणे, एक खिळा ठोकायचा नाही, एक काढायचा नाही. मी म्हटलं, माझे गुडघेपण त्या यादीत घाला. हसले नाहीत. पण माझी खोली चुलीला लागून आहे आणि उबदार आहे. आज झोप छान लागणार.

गुरुवार, ९ मे
नोकरांची बाजू वेगळी. मधे हिरव्या बनातीच्या लोकरी कापडाने मढवलेलं जाड दार, म्हणजे आमचा आवाज पलीकडे जायला नको. आमच्या खिडक्या डोक्याच्या वर: उजेड आत यावा, नजर बाहेर जाऊ नये. मला नवल नाही. चौदाव्या वर्षी अशाच घरात कामाला लागले होते. तिथे प्रत्येक पोरीला एम्माच म्हणायचे, आईबापांनी काही का नाव ठेवलेलं असेना. मालकीण समोरून आली की भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. घंटा वाजली की जी आधी ‘आले, बाईसाहेब’ म्हणेल, काम तिचं. मग मागे फिरणं नाही.

स्वयंपाकघराबाहेर घंटांची फळी आहे. प्रत्येक घंटेखाली एक छोटा लोलक. घंटा थांबली तरी तो हलत राहतो, उशिरा धावत आलेल्या पोरीला कुठली वाजली ते कळावं म्हणून. घंटा नऊ, खोल्या आठ. नववीखाली लिहिलंय ‘मुलांची खोली’. तो भाग दुसऱ्या महायुद्धानंतर पाडला, छप्पर कुजलं होतं. वरच्या मजल्यावर बोळाच्या टोकाला त्याचं दार तेवढं उरलंय. कडी काढली तर पुढे नुसती हवा, खाली खाजकुयलीसारखं रान. बुजवा म्हटलं, तर पेंडल म्हणाले, तेही संरक्षित.

मंगळवार, १४ मे
आठ दिवस फोन नाही. मोरीन, माझी लेक, रविवारी करते म्हणाली होती. कुठला रविवार ते सांगितलं नव्हतं.

चार वाजता बटाटे सोलत होते. घंटा वाजली आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, आले, बाईसाहेब. पन्नास वर्षांची खोड! ॲप्रनसुद्धा सारखा केला. मग फळीकडे पाहिलं. नववीचा लोलक हलत होता.

पेंडलना फोन केला, म्हटलं, तारेवर उंदीर झालेत. ते म्हणाले, त्या खोलीची तार कधीच कापलेली आहे.

शनिवार, १८ मे
रोज चारला वाजते. हसायचं तर हसा, पण काल चहा घेऊन वर गेले. दारापाशी ट्रे ठेवला. अर्ध्या तासाने पाहिलं तर कप रिकामा, दोन चमचे साखरेचा चहा साफ.

घाबरायला हवं होतं. पण दिवसातून एकदा कुणाला तरी मी हवी असते. पोटच्या पोरीला महिन्यातून एकदा आठवण येते, ही घंटेवाली रोज बोलावते. आज बिस्किटंही ठेवली.

शुक्रवार, २४ मे
हेझल आली, शाळेला आठवडाभर सुट्टी. दहा वर्षांची, पाय जमिनीला लागत नाहीत. घर भरलं. तिला जुन्या नोकरीच्या गमती सांगितल्या, भिंतीकडे तोंड करून उभं राहून दाखवलं, ती लोळून हसली. बजावलं मात्र, चारच्या घंटेला आजीच जाणार.

शनिवार, २५ मे
चूक माझी. बागेत भाजी खुडत बसले. घंटा ऐकली आणि पाठोपाठ हेझलचा आवाज, आले, बाईसाहेब! मजेत.

धावले. ट्रे घेऊन गेली होती. वर बोळात दाराची कडी काढलेली, वारा आत येतोय, आणि पोर भिंतीकडे तोंड करून, हात बांधून उभी. ओढून मागे घेतली. म्हणते, आजी, थांब ना, बाई जात होत्या. म्हणते, तुझ्यापेक्षा माझा चहा कमी सांडतो म्हणाल्या. मला एम्मा म्हणतात.

ते नाव मी तिला कधीच सांगितलं नव्हतं.

रविवार, २६ मे
सकाळच्या बसने तिला घरी धाडली. घंटेच्या जिभेला फडकं बांधलं. पेंडल म्हणाले, काढायची तर अर्ज करा, तीन महिने लागतील.

चारला आवाज नाही. नुसता लोलक हलला. म्हटलं, सुटलो.

सव्वाचारला फोन. मोरीन. आपणहून. हेझल चहावरून उठली, ‘आले, बाईसाहेब’ म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून उभी आहे, वळत नाही. आई, काय शिकवलंस पोरीला, म्हणून रडली.

सोमवार, २७ मे
पुन्हा चारला. हेझल म्हटलं तर ओ देत नाही. भिंतीपाशी उभी राहून पाय उचलते, ठेवते, उचलते. मोरीन म्हणाली, आई, आमच्याकडे जिना नाही, ही कसल्या पायऱ्या चढतेय?

मोरीनने मोजल्या, काल सहा. आज सतरा.

इथल्या मागच्या जिन्याला एकोणतीस आहेत. वर ते दार. त्यापुढे —

मंगळवार, २८ मे. पावणेचार
फडकं सोडलं. आधण ठेवलंय. स्वच्छ ॲप्रन. पळून काय होणार, पोरगी घरी जाऊन सुटली का? एका जागेला एक पोरगी, हा प्रत्येक घराचा नियम. आधी मी ओ दिली होती. काम माझं.

मोरीन, वही तुला. रडू नकोस, चहा पी.

वाजली. ओरडून म्हणाले, आले, बाईसाहेब. बनातीच्या दारापलीकडे जाईल इतक्या जोरात.

एकोणतिसावी पायरी. वही ट्रेवर. कडी आपोआप निघाली — रान नाही. गालिचा आहे. विस्तव. छोटी खुर्ची — आणि माझ्या मागे जिन्यावर हलकी पावलं. बावीस. तेवीस — मोरीन, तोंड दाब तिचं!

त्या येताहेत. विचारतात, दोघींपैकी कोण. मी भिंतीकडे वळते. न बघता लिहिते.

हेझलने ओ द्यायची नाही. कुणीच द्यायची नाही. घंटा माझी आहे, ओ मीच दे—