त्या बाईने दार उघडलं का?

२ फेब्रुवारी, रविवार
सकाळी दहाला आमच्याकडे तिघं जमलो. मी, मेहुणी आणि दाढी. माझ्या बायकोने अंधांसाठी वाचून रेकॉर्ड केलेली पुस्तकं वेबसाइटवर चढवायची आहेत. ही त्यांच्या सीडी करून श्रोत्यांना पोस्टाने पाठवायची. ही गेल्यापासून सगळं कपाटात पडून आहे. दाढी म्हणजे मेहुणीच्या ओळखीतला दाढीवाला मुलगा; कंपनीत प्रोग्रॅमर, रविवार आम्हाला फुकट देतो. मेहुणीने मला टीमचा प्रमुख करून टाकलं. "भावजी, तुम्ही बोलत नाही, म्हणजे भांडणारही नाही." झालं!

५ फेब्रुवारी
फायलींची नावं लावतोय. आवाज लावत नाही. मेहुणीला म्हटलं, ऐकायचं काम तुझ्याकडे. ती हेडफोन घेऊन बसली.

९ फेब्रुवारी, रविवार
साइट उभी राहिली! देखणी झाली आहे. पुस्तकांची मुखपृष्ठं आपोआप सरकतात. दाढी खूश – "काका, अशी साइट पैसे मोजूनही मिळायची नाही."

संध्याकाळी ऑपरेटरबाईंना फोन केला. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्या, जन्मापासून दिसत नाही. हिच्या सगळ्यात जुन्या श्रोत्या. रविवारी येते म्हणाल्या. मग एकदम – "अहो, त्या बाईने दार उघडलं का?"

मला कळेना. मग त्यांनीच सांगितलं – ही शेवटी वाचून पाठवत होती ती कादंबरी. एक प्रकरण संपताना दारावर थाप पडते. त्यानंतर ही आजारीच पडली.

"मी वाचलेली नाही," म्हटलं.

"घरात पुस्तक असून? कमाल आहे!"

१६ फेब्रुवारी, रविवार
फजिती!

ऑपरेटरबाईंचा फोन पडद्यावरचं सगळं बोलून दाखवतो. आमची साइट उघडली आणि तो म्हणाला – बटण. बटण. चित्र. बटण. चित्र. एकाही बटणाला नाव दिलेलं नव्हतं. मुखपृष्ठ सरकलं की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू. अंधांसाठी साइट, आणि आम्ही ती फक्त डोळ्यांनी तपासली!

"पुस्तकं कुठायत?" बाई म्हणाल्या. "मी काय सदऱ्याला बटणं लावायला आलेय?"

मेहुणीला हसू आवरेना. दाढीला लागलं. "फुकटच्या कामाला वर बोलणी!" लॅपटॉप उचलून निघून गेला.

टीमच्या प्रमुखाने काय केलं? कप विसळले.

१८ फेब्रुवारी
दाढी फोन उचलत नाही. तो नाही आला तर सगळं परत कपाटात.

२० फेब्रुवारी
दाढीच्या घरी गेलो. काय बोलायचं ते रस्ताभर जुळवलं, दारात सगळं विसरलो. त्याच्याच फोनवर ती बोलणारी सोय चालू करायला लावली. खिशातला रुमाल पुढे केला. "डोळे बांध. एक पुस्तक लावून दाखव."

बटण. बटण. चित्र. त्याला घाम फुटला. शेवटी फोन लागला तो थेट त्याच्या साहेबांना! त्याची बायको हसून हसून खाली बसली.

रुमाल सोडून म्हणाला, "काका, तुम्ही बोलत नाही तेच बरंय." रविवारी येतोय!

२३ फेब्रुवारी, रविवार
नवा नियम – रुमाल बांधल्याशिवाय काही तपासायचं नाही. सरकती चित्रं दाढीने स्वतःच काढून टाकली. प्रत्येक बटणाला नाव दिलं. "वाचन सुरू करा." "पुढचं प्रकरण." मेहुणी स्टुलावर आपटली. गुडघा सुजलाय, पण पुस्तक लागलं!

२ मार्च, रविवार
जमलं! जमलं!

ऑपरेटरबाईंनी एकट्यांनी पुस्तक लावलं. आम्ही तिघं हात बांधून उभे. त्यांनी अंगठ्याने दोनदा टकटक केलं आणि खोलीत हिचा आवाज – "प्रकरण पहिलं."

मी आत जायला उठलो होतो. गेलो नाही. बसलो. इतक्या महिन्यांनी.

किती स्वच्छ आवाज! रेकॉर्डिंगला बसली की ही पंखा बंद करायला लावायची. उकाड्यात मी आत गुपचूप बसून, भांड्याला हात लावायची सोय नाही. दोन वाक्यांमध्ये जी शांतता ऐकू येते, तीत मीही आहे.

बाई म्हणाल्या, "आता मला कुणाला विचारायला नको." दाढीने माझा रुमाल परत दिलाच नाही.

५ मार्च
साइट सगळ्यांना खुली केली. सकाळपासून निरोप येताहेत. एकजण दुकान बंद करून ऐकत बसला म्हणे! दाढी ऑफिसात दिसेल त्याचे डोळे बांधत सुटलाय. मेहुणी फोनवर नुसतं "भावजी!" म्हणाली आणि रडायला लागली. मीही रडलो. आनंदाने. जिंकलो आपण!

फक्त त्या कादंबरीत "पुढचं प्रकरण" दाबलं की काहीच होत नाही. साइटवर चूक नाही. पुढे काही नाहीच. निरोपांमध्ये सारखं तेच – दार उघडलं का?

६ मार्च
हिची खूण होती तिथे पुस्तक उघडलं. पुढे डोकावलो नाही, वाचतानाच कळू दे. पाणी प्यायलो. खिडकी लावली. उठून पंखा बंद केला.