खेचरांच्या तुकडीतले आजोबा

माणिकपूर, २३ मे १९८२

प्रिय फेबियन,

हे पत्र फ्रेडरिकच्या हाती देतोय. सुट्टी संपवून तो परवा तुझ्याकडे, बहारीनला परत निघतोय. टपालात हरवलं, असं तरी आता तुला म्हणता येणार नाही. दीड वर्षात तुझी एक ओळ नाही.

तुझे आजोबा बॅप्टिस्ट पहिल्या महायुद्धात खेचरांच्या तुकडीबरोबर बसऱ्याला गेले, तेव्हा मी दीड वर्षाचा होतो. 'तुझा बाप लढाईत पडला,' एवढंच आई सांगायची. बाकीचं मी रचलं. केळीच्या वाडीत पाटाच्या कडेला बसून मी खजुरांची बनं पाहायचो, चांदण्यात एकामागून एक चाललेली खेचरं, आणि सगळ्यांच्या पुढे बाबा. पुढे मास्तर झालो. वर्गात वीररसाची कविता लागली की पुस्तक मिटून मी बाबांनाच डोळ्यांपुढे आणायचो, आणि मुलांना वाटायचं, मास्तर काय सुंदर शिकवतात! शेजारचा प्लासिड मात्र चिडवायचा, "मास्तर, खेचरं हाकणाऱ्याला कोण गोळी घालतोय? तुमचा बाप तिकडे खजूर खाऊन सुस्तावला असेल." पाच वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही.

बाबांना कबर नव्हती. म्हणून दर दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, आई मला कबरस्थानातल्या मोठ्या क्रुसापाशी न्यायची. मृतांच्या यादीत त्यांचं नाव द्यायची, फादरांना त्यांच्यासाठी मिस्सा करायला सांगायची. मेणबत्ती माझ्या हातात. वाऱ्याने विझली तर म्हणायची, "पुन्हा लाव. इकडेतिकडे बघू नको." ती गेल्यावर तिच्या कबरीच्या दगडावर बाबांचंही नाव कोरावं, असं मनात होतं. मृत्यूची तारीख हवी म्हणून लष्कराच्या दफ्तराकडे अर्ज केला. चौदा महिन्यांनी, गेल्या फेब्रुवारीत, नकला आल्या.

तारीख नव्हतीच. १९१९च्या मार्चात बाबा मुंबईच्या गोदीत धडधाकट उतरले होते. सेवामुक्तीच्या कागदावर पुढे राहण्याचं ठिकाण लिहिलंय कराची, आणि खाली त्यांची सही. त्यामागे आणखी एक कागद. वर्षभराने आईने कुणाकडून तरी अर्ज लिहवून घेतला होता, की माझा नवरा कुठे आहे. तो कराचीत आहे, असं लष्कराने कळवलं होतं. पोचेवर तिचा अंगठा. विळीने चिरलेली आडवी रेघ त्या ठशात स्पष्ट उमटलीय. तो अंगठा मी ओळखणार नाही?

म्हणजे तिला माहीत होतं. टाकलेली बाई म्हणून चारचौघींत बसण्यापेक्षा तिने विधवा व्हायचं ठरवलं, आणि एका जिवंत माणसासाठी आम्ही वर्षानुवर्षं मृतांची मिस्सा ऐकत राहिलो. तिचा राग येत नाही. माझाच येतो. घरी यायला वसईची खाडीसुद्धा न ओलांडता जो माणूस कराचीच्या बोटीत चढला, त्याच्या पायांशी मी माझ्या सगळ्या कविता वाहिल्या.

पण पत्र लिहायला बसलो ते यासाठी नाही. काल तुझी बायको अँजेलिना तुमच्या कॅथरिनच्या शाळेचा फॉर्म घेऊन आली. पालक म्हणून माझी सही हवी होती. तुझ्या नावापुढे तिने वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'मयत'. मी तिच्याकडे पाहिलं. "फ्रेडरिकभाऊंनी सगळं सांगितलं, बाबा," ती म्हणाली, "तिथल्या बाईचं, तिच्या मुलाचं. मग कॅथूला मी काय सांगू? तुम्ही सही करा." आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही. चष्मा सापडत नाही, असं खोटंच सांगून मी तिला परत पाठवलं. फॉर्म दहा जूनला द्यायचा आहे. तोवर ये. सोडून गेलोय तर सोडून गेलोय म्हण, पण तुझ्या तोंडाने लेकीला सांग. नाही आलास, तर दहा तारखेला मी सही करीन, आणि तुझ्या मरणाची हकिगत कॅथरिनला मीच रचून सांगीन. चांगली रचीन. तिला तुझा फार अभिमान वाटेल.

तुझाच,
बाबा